नाक, कान आणि ना हरकत

गॅसचा अलार्म भिंतीवर लावायला ३५ मिनिटं लागली. त्याला जोडायचा, मुठीत मावेल एवढा व्हॉल्व्ह पाइपवर बसायला साडेपाच महिने लागले. त्यातले पाच महिने कागदाचे. म्हणून आज लिहायला बसलोय. राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे क्रम मागेपुढे होईल.

आई-बाबा कोथरूडला राहतात, सात मजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर. मी हिंजवडीला. संध्याकाळी सहानंतर मला तिकडून निघून त्यांच्याकडे पोचायला किती वेळ लागतो, ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. २०२१ मध्ये कोविड झाला तेव्हा आईचा वास गेला, तो परत आलाच नाही. फोडणी करपली तर तिला धूर दिसल्यावर कळतं. जानेवारी २०२४ मध्ये एका संध्याकाळी दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस सुरूच राहिला आणि आई हॉलमध्ये मालिका बघत बसली. कामाच्या मावशी दारातूनच ओरडल्या म्हणून निभावलं.

तोवर मी कधी विचारच केला नव्हता. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे सगळी मदार नाकावर, आणि आमच्या घरातलं नाक कायमचं रजेवर. बरं, अलार्म लावला तर कान हवेत. बाबा ८१ वर्षांचे. दुपारी झोपताना कानाचं मशीन काढून ठेवतात, उठल्यावर ते न लावताच चहा टाकायला जातात. आई तेव्हा भजनी मंडळात. एवढा हिशेब केल्यावर नुसत्या अलार्मने भागणार नाही हे दिसत होतं. गळती झाली की गॅस आपोआप बंद झाला पाहिजे, म्हणजे व्हॉल्व्ह हवाच.

खरेदी, धुराचे दोन अलार्म, स्वयंपाकघरासाठी उष्णतेवर वाजणारा एक, हे सगळं सरळ झालं. स्वयंपाकघरात धुराचा लावू नका एवढंच सांगतो. पहिल्याच पुरणपोळीला वैतागून कोणीतरी त्याची बॅटरी काढतं आणि तो परत बसत नाही.

वायरमन ओळखीचा, हात चांगला, पण त्याने गॅसचा अलार्म थेट ओट्याखाली लावायला घेतला. भोकासाठी ड्रिल टेकवलंसुद्धा. "सायेब, आजवर सगळीकडं खालीच लावलाय," म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. त्याची सगळी गिऱ्हाइकं सिलिंडरवाली. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून तिथे अलार्म खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर. आमच्याकडे पाइपचा गॅस. तो बहुतांश मिथेन, हवेपेक्षा हलका, वर छताकडे जातो. तिथे अलार्म छताच्या खाली वीतभर, पण शेगडीच्या बरोब्बर डोक्यावर नाही, नाहीतर वाफ आणि तेलकट धूर त्यालाच खातो. खोक्यावर कोणत्या गॅससाठी आहे ते छापलेलं असतं, तेही बघा. सिलिंडर सोडून पाइपवर आलेल्या किती घरांत जुना अलार्म अजून ओट्याखाली हिरवा दिवा लावून शांत बसलाय, देव जाणे.

आता व्हॉल्व्ह. मीटरच्या पुढच्या नळीत बसतो, अलार्मकडून दोन वायरी येतात, गळती कळली की खट्ट करून गॅस बंद. आमच्या नेहमीच्या प्लंबरला विचारलं, तर त्याने कानाला हात लावला. ती नळी गॅस कंपनीची, बाहेरच्या माणसाने हात लावायचा नाही. हा नियम मला पटतो, त्यावर माझं भांडण नाही. मी कंपनीच्या कार्यालयात गेलो. टोकन, तासभर खुर्ची, मग खिडकी.

"बाहेरचा व्हॉल्व्ह लावता येणार नाही."

"मग तुम्ही लावा, पैसे भरतो."

"सोसायटीचं ना हरकत पत्र लागेल."

आलो सोसायटीत. सेक्रेटरी काका सज्जन माणूस, निवृत्त, फायली नीट लावणारे. त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली, आणि दोन आठवड्यांनी म्हणाले, "गॅस कंपनीने हे सुरक्षित आहे असं लेखी दिलं, की आम्ही लगेच देतो." परत खिडकी. "असं लेखी द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. आधी सोसायटीचं आणा." परत काका. "अहो, त्यांनी दिल्याशिवाय आम्ही कशाच्या आधारावर देणार?" मार्च संपला.

एप्रिलमध्ये कमिटीच्या बैठकीत मला पाच मिनिटं मिळाली. एक सदस्य म्हणाले, आपल्या बिल्डिंगचा फॉर्म बी तर जानेवारीतच झालाय, आता हे वेगळं कशाला? तो फॉर्म २००६च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याखालचा, परवानाधारक एजन्सीने जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा. इमारतीचे हायड्रंट (आगीसाठीचे पाण्याचे नळ), पंप, जिन्यातली आग विझवायची सिलिंडरं चालू स्थितीत आहेत, एवढं तो सांगतो. माझ्या आईच्या ओट्यावर काय चाललंय हे त्याला कुठून कळणार? दुसऱ्यांनी विचारलं, तुमच्या व्हॉल्व्हमुळे आमचा गॅस बंद पडला तर? मी समोरच पडलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं: ही मोठी उभी नळी सगळ्यांची, हा आमचा मीटर, त्याच्या पुढे हा व्हॉल्व्ह. बंद झालाच तर फक्त आमचा चहा राहील. सगळ्यांनी मान डोलावली. अध्यक्ष म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण प्रथा पडेल."

जीव वाचवायची प्रथा पडेल म्हणून ठराव पुढच्या बैठकीवर. पुढची बैठक मे महिन्यात, सगळे गावाला. जूनमध्ये कोरम झाला तर पाण्याच्या टाकीचा विषय दीड तास.

दरम्यान कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवत होतो. तीन वेळा नोंदवली. तिन्ही वेळा चार दिवसांनी मोबाइलवर संदेश आला, आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कोणी केलं, कुठे केलं, कधी केलं? एका शनिवारी तो संदेश घेऊनच खिडकीवर गेलो आणि जरा आवाज चढवला. त्याचा उपयोग शून्य. मागे उभ्या असलेल्या आजोबांनी मला पाण्याची बाटली दिली एवढंच.

या काळात अलार्म नुसताच होता आणि वायरींची दोन टोकं भिंतीवर लोंबत होती. आणि एका रात्री कळलं की अलार्मही नुसताच नव्हता, तो नव्हताच. मुक्कामाला होतो, पाणी प्यायला उठलो, तर हिरवा दिवा बंद. वायरमनने अलार्मचा फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटच्या बटणानंतरून घेतला होता! आई झोपताना ट्यूब बंद करायची, की अलार्मही झोपायचा. दीड महिना आम्ही असेच होतो. म्हणून सांगतो, वायरमन जायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करा आणि अलार्मांचे दिवे बघा. फेज थेट बोर्डातून, बटणाच्या आधीचा हवा, आणि शक्यतो रोज लागणाऱ्या दिव्यांच्याच एमसीबीवर (बिघाड झाला की आपोआप पडणारा खटका). स्वतंत्र एमसीबी दिली आणि ती कधी पडली, तर सहा महिने कोणाला पत्ता लागत नाही. दिवे गेले तर पाच मिनिटांत बोंब होते. आमच्याकडे ती लाइन इन्व्हर्टरवरही आहे.

धुराच्या अलार्मांना फेज आणि न्यूट्रलशिवाय आणखी एक वायर लागते, एक वाजला की बाकीचे वाजवणारी. घर रंगवून झालेलं, त्यामुळे भिंत न फोडता केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून नेली. दिसायला बरी दिसत नाही. आईने दोन दिवस तिच्याकडे बघून सुस्कारे टाकले.

व्हॉल्व्ह विकत घेतानाची एक गोष्ट राहिली. सतत वीज मिळाली तरच उघडा राहणारा व्हॉल्व्ह मिळतो. वीज गेली की तो गॅस बंद करतो. कुकरची दुसरी शिट्टी होतेय आणि लाइट गेले, तर काय होईल? आठवड्यात वैतागून कोणीतरी तो काढून टाकेल. मी अलार्मच्या इशाऱ्यावरच बंद होणारा आणि मग हाताने खटका ओढून उघडावा लागणारा घेतला. वायरमनची आणखी एक सूचना होती, अलार्म वाजला की एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू करू. छान वाटते, पण नको. साध्या पंख्यात ठिणगी पडू शकते. गॅस साचलेला असताना कोणतंही बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही. खिडक्या उघडायच्या, मीटरजवळची चावी फिरवायची, बाहेर येऊन फोन करायचा. सिलिंडर असेल तर १९०६.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दारात कंपनीचा तंत्रज्ञ उभा. माझ्या तक्रारींसाठी नव्हे, नेहमीची तपासणी. तिशीचा मुलगा. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, रबरी नळीवरची तारीख वाचली, बाथरूममधल्या गॅस गिझरकडे बघून तोंड वाकडं केलं. त्याच्या बिघाडातून कार्बन मोनॉक्साइड झाला तर हा अलार्म वाजणार नाही काका, त्याला वेगळा लागतो, म्हणाला. (गिझर त्याच महिन्यात काढला, विजेचा बसवला.) मग त्याला लोंबणाऱ्या वायरी दिसल्या.

"व्हॉल्व्ह कुठाय?"

मी कपाटातून खोकं काढलं आणि सगळी कर्मकहाणी सांगितली. तो हसायला लागला. "तुम्ही खिडकीवर व्हॉल्व्ह म्हणालात ना? त्यांच्या यादीत व्हॉल्व्ह हा शब्दच नाही. पाइपमध्ये बदल म्हणायचं. लोक ओटा नवा करताना शेगडी सरकवतात, तोच फॉर्म. घराच्या आतलं काम, सोसायटीचा काय संबंध?"

तोच फॉर्म. खिडकीच्या बाहेर, मी ज्या खुर्चीवर टोकन घेऊन बसायचो तिच्या शेजारच्या रॅकवर ठेवलेला असायचा. व्हॉल्व्हचं माहितीपत्रक जोडलं, पैसे भरले, दहाव्या दिवशी दोघं आले. ४० मिनिटांत नळी कापून व्हॉल्व्ह बसला, दाबमापक लावून गळती तपासली, कागदावर सही दिली. चाचणीचं बटण दाबलं, खट्ट झालं, शेगडी विझली. मी तीन वेळा करून बघितलं. चौथ्यांदा आई म्हणाली, आता भात होऊ दे.

सेक्रेटरी काकांनी ऑगस्टमध्ये त्या कागदाची झेरॉक्स मागितली. त्यांच्या घरी लावायचाय. दिली.

मध्येच कधीतरी रात्री धुराच्या अलार्ममधून मिनिटा-मिनिटाला टिक असा आवाज आला, तर तो रातकिडा नसतो, बॅटरी संपत आलेली असते. बाबांनी नाही, आईने दोन रात्री त्या रातकिड्याला शोधलं. आणि गॅसचा सेन्सर जन्माला पुरत नाही. साधारण पाच वर्षं. मागे तारीख लिहून ठेवा. अगरबत्तीपेक्षा त्याला झुरळांच्या फवाऱ्याचा आणि सॅनिटायझरचा त्रास जास्त.

हॉलमधला धुराचा अलार्म मात्र मी देवघराच्या फार जवळ घेतला, ही चूक माझी, वायरमनची नाही. ७ सप्टेंबरला गणपती बसले. कापूर पेटला, धूप होताच, आणि दुसऱ्या कडव्याला हॉलचा अलार्म सुटला, त्याच्यामागे पॅसेजचा, मग स्वयंपाकघरातला. तिसरी वायर उत्तम काम करत होती. टाळ थांबले, पाहुणे कानांवर हात ठेवून छताकडे बघू लागले, मी स्टूल शोधायला धावलो. बाबा मशीन न लावता आरतीला उभे होते. ते डोळे मिटून, टाळ्या वाजवत, एकटेच पुढचं कडवं म्हणत राहिले.

त्यांच्या उशीखाली ठेवायचं थरथरणारं पॅड मी त्याच रात्री मागवलं.