तुम्ही विचारलंत म्हणून: एम्ब्रियो कुणाचे आणि कुठले?

"एम्ब्रियो फ्रीज करून ठेवू का? आणि भारतात स्वस्त पडतं, तर सुट्टीत येऊन करून घेऊ का?" हे मला इतक्या वेळा विचारलं जातं की आता एकदाच सविस्तर लिहिते. एम्ब्रियो म्हणजे लॅबमध्ये फळलेल्या अंड्यातून वाढू लागलेला गर्भ. विचारणाऱ्यांत केमोची तारीख हातात असलेल्या असतात, दुबईला, सिंगापूरला, लंडनला नोकरी करणाऱ्या असतात, आणि "अजून दोन-तीन वर्षं तरी नको" असं नवरा-बायकोने मिळून ठरवलेली जोडपीही असतात. मी उलट दोनच गोष्टी विचारते. हे एम्ब्रियो कुणाचे असणार? आणि ते वापरणार कुठे? यावर बहुतेक जण नाराज होतात. "तुम्ही आयव्हीएफ लॅबमधल्या ना, मग टक्केवारी सांगा," म्हणतात.

सांगते. टक्केवारी लपवण्यासारखी नाहीच.

पस्तिशीच्या आतल्या बाईची पिकअपला, म्हणजे सुईने बीजकोशातून अंडी काढून घेताना, बारा अंडी मिळाली असं धरा. त्यातली नऊ-दहा पक्व निघतात. बाकीच्यांत शुक्राणू सोडून उपयोग नसतो. इक्सी (एकेका अंड्यात सुईने एकच शुक्राणू सोडणं) केल्यावर पक्व अंड्यांपैकी साधारण सत्तर टक्के फळतात, म्हणजे सहा-सात. दुसऱ्या दिवशी त्यांत दोन केंद्रकं स्पष्ट दिसली तरच आम्ही "फळलं" म्हणतो. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत त्यातले जेमतेम निम्मे ब्लास्टोसिस्टच्या, म्हणजे आत पाण्याची पोकळी असलेल्या पेशींच्या गोळ्याच्या, टप्प्याला पोचतात. हाती राहतात तीन. चाळिशीत पिकअपलाच पाच-सहा अंडी आली, तर गोठवणीच्या टाकीत एक एम्ब्रियो जाईल किंवा एकही जाणार नाही. ही गळती लॅबचा हलगर्जीपणा नव्हे. अंड्यात वयाने आलेले गुणसूत्रांचे दोष तिसऱ्या दिवसानंतर उघडे पडतात. तोवर अंडं स्वतःच्या साठ्यावर चालतं, पुढे एम्ब्रियोला स्वतःच्या जनुकांवर उभं राहावं लागतं.

गोठवण्याचं काम तर मिनिटांचं आहे. आधी ब्लास्टोसिस्टमधलं पाणी काढायचं. लेसरचा एक ठिपका देऊन त्याला मुद्दाम आकसायला लावतो, कारण पोकळीत पाणी राहिलं तर त्याचा बर्फ होतो आणि बर्फाचं टोक पेशी फाडतं. मग साडेसात टक्के इथिलीन ग्लायकॉल आणि तेवढंच डीएमएसओ (दोन्ही बर्फ होऊ न देणारी रसायनं) असलेल्या द्रवात काही मिनिटं. त्यानंतर दोन्ही पंधरा-पंधरा टक्के आणि सोबत साखर, म्हणजे सुक्रोज, असलेल्या दाट द्रवात एक ते दीड मिनिट. त्याहून जास्त ठेवलं तर तेच रसायन विषारी ठरतं. पातळ पट्टीवर जवळजवळ कोरडा होईल इतक्या कमी थेंबात ठेवून पट्टी सरळ उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये. पाण्याला बर्फ व्हायला सवडच मिळत नाही, ते काचेसारखं घट्ट होतं. याला व्हिट्रिफिकेशन म्हणतात. चांगल्या लॅबमध्ये शंभरातले पंचाण्णवच्या आसपास ब्लास्टोसिस्ट वितळवल्यावर जिवंत निघतात. अंड्यांचं प्रमाण ऐंशी ते नव्वद.

पूर्वी कुणी "अंडी की एम्ब्रियो?" विचारलं की मी बेधडक एम्ब्रियो म्हणत असे, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. तेव्हा यंत्रात हळूहळू थंड करायची पद्धत होती. अंडं ही शरीरातली सर्वांत मोठी पेशी, पाण्याने भरलेली, गुणसूत्रं नाजूक तंतूंवर मांडून ठेवलेली. हळू थंड करताना ती वाचणं मुश्कील असे. एम्ब्रियोत पेशी अनेक, दोन-चार गेल्या तरी बाकीच्या सावरतात. व्हिट्रिफिकेशन रुळल्यावर चित्र बदललं. 2012 मध्ये अमेरिकेतल्या प्रजननवैद्यकाच्या संस्थेने अंडी गोठवण्यावरचा "प्रायोगिक" हा शिक्का काढला. तेव्हापासून हा प्रश्न फक्त लॅबचा राहिलेला नाही. तरीही अनेक जण अजून जुन्याच उत्तरावर चालतात, म्हणून पुढची केस पूर्ण सांगते.

नॅटली इव्हान्स ही इंग्लंडमधली बाई. ती आणि तिचा जोडीदार मूल व्हावं म्हणून उपचार घेत होते. एका भेटीत कळलं की दोन्ही बीजकोशांत कॅन्सरपूर्व गाठी आहेत आणि दोन्ही काढावे लागतील. गाठी हळू वाढणाऱ्या असल्याने आधी अंडी काढून घेण्याइतका वेळ होता. त्याच भेटीत तिने नर्सला विचारलं, नुसती अंडी गोठवता येतील का? उत्तर मिळालं, आमच्याकडे ते करत नाहीत, त्यात यशही फार कमी. तेव्हा शेजारी बसलेल्या जोडीदाराने तिला धीर दिला: आपण वेगळे होणार नाही, तू नकारात्मक विचार करू नकोस, तुझ्या मुलाचा बाप मलाच व्हायचंय. दोघांना हेही सांगितलं गेलं की एम्ब्रियो गर्भाशयात सोडेपर्यंत दोघांपैकी कुणीही आपली संमती मागे घेऊ शकतं. दोघांनी सह्या केल्या.

12 नोव्हेंबर 2001 ला अकरा अंडी मिळाली. सहा एम्ब्रियो तयार झाले, टाकीत गेले. 26 नोव्हेंबरला तिचे बीजकोश काढले. एम्ब्रियो सोडण्याआधी दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं. मे 2002 मध्ये ते दोघं वेगळे झाले. जुलैत त्याने क्लिनिकला कळवलं, एम्ब्रियो नष्ट करा.

ती कोर्टात गेली. 2003 मध्ये हरली, 2004 मध्ये अपिलात हरली. मग युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेली. 2006 मध्ये तिथेही विरुद्ध निकाल लागला आणि 10 एप्रिल 2007 ला त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तेराविरुद्ध चार मतांनी तोच निकाल कायम केला. न्यायमूर्तींनी तिच्याबद्दल सहानुभूती व्यक्त केली. पण आईबाप होण्याचा तिचा हक्क आणि न होण्याचा त्याचा हक्क यांत कायद्याने आखलेली रेघ त्यांनी पुसली नाही. त्या सहा एम्ब्रियोंखेरीज तिच्या स्वतःच्या रक्ताचं मूल होण्याचा कुठलाही मार्ग जगात उरला नव्हता, हे सगळ्यांना मान्य होतं. ब्रिटनने नंतर कायद्यात भर घातली: एकाने संमती काढली तरी एम्ब्रियो बारा महिने ठेवता येतात, तेवढ्यात दोघांनी काही ठरवावं. नकार देणाऱ्याचा नकार मात्र शेवटचाच.

यात लॅबचं काहीच चुकलं नव्हतं. सहा एम्ब्रियो उत्तम गोठवलेले होते. तिने विचारलेला प्रश्नही बरोबर होता. त्या खोलीत त्याला प्रेमाने उत्तर दिलं गेलं, आणि प्रेमाने दिलेलं उत्तर फॉर्मवर उतरत नाही. म्हणून "आमचं तसं काही नाही हो" असं तुम्ही मला सांगता तेव्हा माझा तुमच्यावर अविश्वास नसतो. त्या दोघांचंही त्या दिवशी तसं काही नव्हतं.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये नाहमानी खटल्यात नेमका उलटा निकाल दिला, सातविरुद्ध चार. नवरा नको म्हणत असताना बायकोला एम्ब्रियो वापरू दिले, कारण तिच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. मी दोन्ही निकालांचा पुष्कळ विचार केलाय. मनाने मी इस्रायलच्या निकालाच्या बाजूला आहे. पण एखाद्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध बाप करायचं का, याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आपल्याकडे 2021 च्या एआरटी, म्हणजे कृत्रिम प्रजननतंत्राच्या, कायद्यात गर्भाशयात सोडण्यापूर्वी संमती मागे घ्यायची मुभा आहे. वितळवायच्या वेळी दोघांच्या सह्या पुन्हा घेतल्या जातात. घटस्फोट कोर्टात असेल तर शहाणं क्लिनिक त्या पट्टीला हात लावत नाही.

अंडी मात्र तुमची एकटीची असतात. लग्न झालेलं असो वा नसो, आपल्या कायद्यात एकवीस वर्षांवरील बाईला ती गोठवता येतात.

आता दुसरा प्रश्न: कुठे? याच्याकडे लोक सर्वांत जास्त काणाडोळा करतात.

बाहेर राहणाऱ्यांनो, आधी हे वाचा. ऑक्टोबर 2015 मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने मानवी एम्ब्रियोंची भारतात आयात बंद केली. अपवाद फक्त संशोधनाचा. म्हणजे लंडनला गोठवून, "पुढे पुण्याला परत जाऊ तेव्हा सोबत नेऊ" हा बेत बसत नाही. उलट दिशेने, इथले तिकडे न्यायचे तर एआरटी कायद्याचं कलम 29 आहे: स्वतःचे एम्ब्रियो, स्वतःच्या वापरासाठी, आणि तेही त्या कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाची परवानगी घेऊन. शिवाय तिकडच्या देशाचे नियम असतातच. त्यांना हव्या त्या मुदतीत केलेल्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसच्या तपासण्या लागतात, त्यांच्या नमुन्यातलं संमतिपत्र लागतं, गोठवताना कुठलं माध्यम, कुठली पट्टी वापरली याची नोंद लागते. यातलं बरंचसं मागाहून तयार करता येत नाही. पिकअपच्या आधीची रक्ततपासणी पिकअपनंतर कशी करणार? म्हणून सुई टोचायच्या आधी तुम्ही परदेशात राहता तिथल्या क्लिनिकला लिहून विचारा: असे एम्ब्रियो तुम्ही घ्याल का, आणि घ्यायला काय काय लागेल? उत्तर ईमेलने घ्या, फोनवर नको.

प्रवास होतो तो ड्राय शिपर नावाच्या, थर्मॉससारख्या भांड्यात. त्याच्या भिंतीतल्या सच्छिद्र पदार्थात नायट्रोजन शोषलेला असतो, सांडायला द्रव नसतो, आत उणे 150 च्या खाली तापमान आठवडाभर टिकतं. आडवा पडला तर वाफ झपाट्याने उडते आणि आठवड्याचे दोन दिवस होतात. आत तापमान नोंदवणारा लॉगर हवाच आणि पोचल्यावर त्याचा आलेख मागून घ्या. एक्स-रेतून जाऊ नये म्हणून विमानतळावर आधी पत्र द्यावं लागतं. मला सर्वांत धास्ती वाटते ती मात्र एका टाकीतून दुसरीत पट्टी हलवायच्या क्षणाची. एवढ्या बारीक थेंबाला खोलीतली हवा काही सेकंदांत तापवते.

टाकीही अमर नसते. नायट्रोजन रोज थोडा उडतोच, भरत राहावा लागतो. मार्च 2018 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका रुग्णालयात टाकीचं तापमान चढलं, धोक्याची सूचना वेळेत कुणापर्यंत पोचली नाही, आणि चार हजारांहून अधिक अंडी व एम्ब्रियो गेले. क्लिनिक निवडताना भिंतीवरचे बाळांचे फोटो बघू नका. रात्री अलार्म कुणाच्या फोनवर वाजतो ते विचारा.

देशोदेशीचे कायदे बदलतही राहतात. इटलीने 2004 मध्ये एम्ब्रियो गोठवण्यावर जवळजवळ बंदीच घातली होती, ती 2009 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सैल केली. अमिरातीत 2019 च्या कायद्यापूर्वी एम्ब्रियो गोठवता येत नव्हते. सिंगापूरने वैद्यकीय कारणाशिवाय अंडी गोठवायला जुलै 2023 पासून परवानगी दिली, पण ती फळवायची तर कायदेशीर लग्न लागतं. आपल्याकडे साठवणीची मर्यादा दहा वर्षं, ब्रिटनमध्ये 2022 पासून पंचावन्न वर्षं, दर दहा वर्षांनी संमती नवी करून. बाविसाव्या वर्षी लिम्फोमा हा कॅन्सर झालेल्या मुलीचा हिशेब मांडून बघा. दहा वर्षं म्हणजे बत्तीस. तोवर तिचं लग्न झालेलं असेलच असं नाही. ही मर्यादा आजारी मुलींसाठी तरी वाढवायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्यक्ष यायचं ठरलंच तर सलग तीन आठवडे हातात ठेवा. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग नऊ ते बारा दिवस रोज एफएसएच या अंडी वाढवणाऱ्या हॉर्मोनचं इंजेक्शन, मध्यावर अंडी आपोआप फुटू नयेत म्हणून दुसरं इंजेक्शन. तीनेक फॉलिकल (ज्यांत अंडी वाढतात त्या पिशव्या) सतरा-अठरा मिलिमीटरचे झाले की ट्रिगर, म्हणजे अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, आणि त्यानंतर पस्तीस-छत्तीस तासांनी पिकअप. सगळंच गोठवायचं असेल तर एचसीजी या हॉर्मोनऐवजी अ‍ॅगोनिस्ट नावाच्या औषधाचा ट्रिगर द्यायला सांगा. बीजकोश सुजून पोटात पाणी भरण्याचा धोका त्याने फार कमी होतो. तरीही दुसऱ्याच दिवशी लांबच्या विमानात बसू नका. सुजलेला बीजकोश पिळवटू शकतो आणि पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. कॅन्सरमध्ये पाळीची वाट बघत नाहीत, कुठल्याही दिवशी सुरू करतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेन चढू नये म्हणून सोबत लेट्रोझोल ही गोळी देतात. दोन आठवड्यांत काम होतं. ऑन्कॉलॉजिस्टना पहिल्याच भेटीत विचारा, कारण केमो सुरू झाल्यावर ही दारं बंद होतात.

आणि फॉर्मवर एक रकाना असतो, दोघांपैकी कुणी गेलं तर एम्ब्रियोंचं काय करायचं, तो कोरा सोडू नका. लॉस एंजेलिसचं रिओस जोडपं उपचारांसाठी मेलबर्नला गेलं होतं. दोन एम्ब्रियो तिथे टाकीत होते आणि 1983 मध्ये ते दोघंही चिलीत विमान अपघातात गेले. मागे काही लिहून ठेवलेलं नव्हतं. शेवटी व्हिक्टोरिया राज्याच्या विधिमंडळाला त्यात लक्ष घालावं लागलं.

मग गोठवू काय? अंडी भरपूर असतील, पंधरा-सोळा, तर मी निम्मी तशीच ठेवा आणि निम्मी फळवा असं सुचवते. निदान काही पट्ट्यांवर फक्त तुमचं नाव राहतं, आणि फळवलेल्यांवरून अंड्यांचा दर्जाही कळतो. नवरे यावर दुखावतात, ते मला दिसतं, तरी मी सांगते. पण एकोणचाळीस वर्षांच्या बाईला पाचच अंडी मिळाली, तर त्यांची वाटणी केली की दोन्हीकडे जवळजवळ काहीच उरत नाही. पाचही फळवली तर एखादा एम्ब्रियो हाताशी येतो की नाही हे पाच-सहा दिवसांत खात्रीने कळतं. तशीच ठेवली तर कळणार तेव्हा कदाचित दुसरं पिकअप करायचं वय उलटलेलं असेल. तिथे मी एकदा एक सांगते, एकदा दुसरं. समोरची बाई बघून सांगते.