नव्वद नॉट, अठराशे फूट

आयोवात मी विमान चालवायला शिकवतो. जुलै जवळ आला की एखादा तरी विद्यार्थी विचारतोच, "ऑशकॉशला बरोबर येणार का?" विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशचा विटमन विमानतळ वर्षभर तसा निवांत असतो. एअरव्हेंचर या विमानांच्या मेळ्याच्या आठवड्यात मात्र तिथे आणि आसपासच्या विमानतळांवर मिळून दहा हजारांवर विमानं उतरतात. मेळा 1970 पासून ऑशकॉशलाच भरतो. विमान गवतावर उभं करायचं आणि पंखाखाली तंबू ठोकायचा, ही पद्धतही जुनीच.

या खेपेला विमान होतं सेस्ना 172, म्हणजे चार सीटचं छोटं विमान, आणि उजव्या सीटवर मी. विद्यार्थ्याकडे लायसन्स होतं, पण इतक्या गर्दीत तो कधी उतरला नव्हता.

तयारी वजनकाट्यापासून सुरू झाली. विमानाची मर्यादा 2,300 पौंड आणि रिकामं वजन साधारण 1,450, म्हणजे हातात राहिले 850. वापरता येणारं 40 गॅलन पेट्रोल 240 पौंडांचं, आम्ही दोघे 350 चे. उरले 260. पण हे 260 मनाला येईल तिथे कोंबता येत नाहीत. मागच्या सामानकप्प्यात जास्तीत जास्त 120 चालतात, बाकीचं मागच्या सीटवर ठेवून पट्ट्याने आवळायचं. जड वस्तू पुढे आणि तळाशी, तंबू नि स्लीपिंग बॅगा मागे. विद्यार्थ्याने पाण्याने भरलेला कूलर आणला होता, तो मी घरीच ठेवायला लावला. गॅलनभर पाणी 8.3 पौंडांचं, आणि पाणी तिथे मिळतं. दशम्या आणि चटणीला मी हरकत घेतली नाही.

त्या आठवड्यासाठी एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, दरवर्षी वेगळी नोटीस काढते. ती छापून मांडीवर हवी, आणि त्याच वर्षीची हवी. गेल्या वर्षीची पाठ करून येणारे दरवर्षी भेटतात, आणि बदललेल्या वाटेवर नेमके तेच अडकतात. नियम सरळ आहेत. रिपन गावावर रांगेत शिरायचं, रेल्वेच्या रुळांवरून ईशान्येला फिस्क गाठायचं, वेग 90 नॉट, उंची समुद्रसपाटीपासून 1,800 फूट, पुढच्या विमानापासून अर्धा मैल अंतर. ज्यांना 90 ला उडणं जमत नाही त्यांच्यासाठी 2,300 फुटांवर 135 नॉटची वेगळी रांग असते. रेडिओवर फक्त ऐकायचं.

घरी आम्ही तासभर हेच केलं. फ्लॅप, म्हणजे पंखांमागच्या झडपा, 10 अंश, 2,200 आरपीएमच्या आसपास थ्रॉटल, आणि ट्रिम असं लावायचं की हात सोडला तरी काटा 90 वर राहील. वेगासाठी डोळे आत गेले की बाहेरची विमानं कोण बघणार? म्हणून हा आकडा हाताला माहीत असावा लागतो.

रविवारी पहाटे डब्यूकला टाक्या काठोकाठ भरल्या. तिथून रिपन सुमारे 120 नॉटिकल मैल, म्हणजे दहा-अकरा गॅलन. उरलेले तीस चकरांसाठी. मेळा सोमवारी सुरू होतो, त्यामुळे रविवारी आकाशात बाजार भरलेला असतो. ग्रीन लेकजवळ पोचतो तर रांग थांबवलेली. तळ्याभोवती पस्तीस मिनिटं फिरलो, पाच गॅलन गेले. अशा वेळी टाकी अर्ध्यावर घेऊन आलेला माणूस घाईत चुका करायला लागतो. मन पक्कं करून जवळच्या फाँ दू लॅकला किंवा ॲपल्टनला उतरलेलं बरं.

रिपन सोडल्यावर दोनच मिनिटांत पुढचं विमान हळू पडलं. आमचा काटा 90 वर, तरी अंतर आटत चाललेलं. अशा वेळी दोन मोह होतात, एक बाजूने पुढे जाण्याचा, दुसरा नागमोडी उडून वेळ काढण्याचा. दोन्हींना मनाई आहे, कारण मागे अर्ध्या मैलावर कुणीतरी फक्त तुमच्या शेपटीकडे बघत येत असतो. वेग 80 वर आणूनही ते विमान मोठंच दिसायला लागलं, तेव्हा मी म्हटलं, "सोड रांग." वळून बाहेर पडलो, परत रिपन, परत शेपटाला. दहा मिनिटं गेली.

फिस्कला शेतातल्या एका ट्रेलरजवळ कंट्रोलर दुर्बीण घेऊन उभे असतात. तुमचं नाव-नंबर त्यांना नको असतं. रंग आणि आकारावरून हाक येते: निळी-पांढरी उंच पंखांची सेस्ना, रॉक युअर विंग्ज. पंख हलवायचे म्हणजे नीट दिसतील असे हलवायचे. विद्यार्थ्याने इतके भिडस्तपणे हलवले की दुसऱ्यांदा हाक आली. मग हुकूम आला: रुळांवरच राहा, धावपट्टी 27, टॉवर ऐका.

मला ज्याची धास्ती होती तेच नेमकं वाट्याला आलं. 27 साठी विमानतळ उजव्या हाताला राहतो. डाव्या सीटवरच्या माणसाला धावपट्टी दिसतच नाही, मध्ये मी आणि दरवाजा. वळायला उशीर होतो, धावपट्टीची रेघ ओलांडली जाते, आणि मग ती गाठायला माणूस विमान कलतं करून स्टिक ओढतो. 45 अंश कलवून उंची टिकवायला गेलं की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो वेग, एकोणीस टक्क्यांनी वाढतो, आणि जमीन असते काहीशे फुटांवर. म्हणून आधीच ठरलं होतं की बाहेर मी बघणार, "वळ" मी म्हणणार, आणि कल तीस अंशांच्या पुढे जाणार नाही. रेघ चुकली तर सरळ वर, गो-अराउंड, कुणी हसत नाही.

धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात. एकाच वेळी दोन-तीन विमानं वेगवेगळ्या ठिपक्यांवर उतरवतात. आम्हाला हिरवा मिळाला. पहिल्या ठिपक्यावर दुसरा उतरत असताना त्याच्यावरून पुढे तरंगत जायचं, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. थोडी पॉवर ठेवून जमिनीलगत विमान धरून ठेवलं, हिरवा पायाखाली आला तशी पॉवर काढली. टेकताच हुकूम: डावी-उजवी जिथे जमेल तिथे गवतात उतरा. काचेवर जीएसी (जनरल एव्हिएशन कॅम्पिंग) लिहिलेला कागद आधीच लावला होता. तो बघून झेंडेवाले नॉर्थ फोर्टी या तंबूंच्या मैदानात घेऊन गेले.

इंजिन बंद झालं की पहिलं काम दोर. चहा नंतर. मऊ मातीत कुत्र्याला बांधायचा स्क्रूसारखा खुंटा सरळ वर खेचला तर सहज निघतो. आमच्याकडे पत्र्याच्या भोकांतून तीन दिशांनी तिरके ठोकायचे खिळे होते, खेचलं की ते एकमेकांना अडकतात. दोर पॉलिएस्टरचा, नायलॉन ताणला जातो आणि विमान झोके घ्यायला लागतं. पंखांच्या दोन कड्या, शेपटीची एक, चाकांना ओंडके, आत कंट्रोल लॉक, पिटोवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीवर, टोपी.

तंबू उजव्या पंखाखाली. 172 च्या टाकीचा व्हेंट, म्हणजे हवेची नळी, डाव्या पंखाखाली, आधारदांड्यामागे असतो. भरलेली टाकी उन्हात तापली की पेट्रोल फुगून तिथून ठिबकतं. आमच्या टाक्या आता भरलेल्या नव्हत्या, पण परतीसाठी भरणारच होतो. शेजारच्यांनी डाव्या बाजूला पथारी टाकली होती, त्यांना सांगितलं, त्यांनी हलवलीही.

रात्री दोनला वादळ आलं. विजेच्या उजेडात दोन विमानं सोडून पलीकडचं एक विमान पंख उचलताना दिसलं. स्क्रूचा खुंटा मातीसकट बाहेर आलेला. चौघे धावलो, दोघे आधारदांड्याला लटकले, मी आमच्या जादा खिळ्यांनी पंखाची कडी पुन्हा बांधली. वीस मिनिटांत वारा पडला. आमचा तंबू आडवा, विमान जागच्या जागी.

सकाळी विद्यार्थ्याला आधी सम्पचा कप दिला, टाकीच्या तळातलं पेट्रोल काढून तपासायला. पावसानंतर टाकीच्या झाकणातून पाणी झिरपतं आणि तळाशी बसतं. उजव्या टाकीच्या पहिल्या कपात निळ्या पेट्रोलखाली पाण्याचा गोल मणी फिरत होता. दुसऱ्यात बारीकसा. तिसरा नितळ निळा. तरी मी पंख हलवून चौथा काढायला लावला.