मलाखी आणि मत्तय यांच्यामधली चार पाने

जुनी पुस्तके आणि दप्तरे दुरुस्त करून बांधणे हा माझा व्यवसाय आहे. नागपुरात महालातल्या माझ्या कारखान्यात जमिनीच्या नोंदवह्यांपासून हस्तलिखित पोथ्यांपर्यंत सर्व काही येते. परंतु गेल्या पावसाळ्यात दोन सख्ख्या भावांनी जी मागणी केली, तशी त्याआधी कोणी केलेली नव्हती. त्यांनी पणजोबांच्या वेळचे मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, टेबलावर ठेवले आणि त्याचे दोन ग्रंथ करून मागितले. घराची वाटणी झाली होती, शेताचे पैसे वाटून झाले होते आणि एवढी एकच वस्तू उरली होती. तेव्हा थोरल्याने जुना करार घ्यावा आणि धाकट्याने नवा, असे ठरले होते. सोबत आलेल्या त्यांच्या वृद्ध आत्याबाई काही न बोलता ऐकत होत्या.

कामाच्या दृष्टीने यात अवघड काही नव्हते. पुस्तक जुजांनी, म्हणजे दुमडून एकात एक घातलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांनी, शिवलेले असते. पाठीवरची वाळलेली खळ ओलसर करून काढली की जुना करार ज्याने संपतो त्या मलाखीचे शेवटचे जुज आणि नवा करार ज्याने सुरू होतो त्या मत्तयाचे पहिले जुज यांच्यामधला दोरा कापता येतो. मात्र या पुस्तकात दोन्ही करारांच्या मध्ये पूर्वीच्या कोणा बांधणाऱ्याने चार कोरी पाने वेगळ्या दोऱ्याने शिवून घातली होती, आणि त्यांवर कुटुंबातले जन्म, बाप्तिस्मे, लग्ने आणि मृत्यू यांच्या नोंदी होत्या. ही पाने कोणाच्या भागात घालायची, असे मी विचारले. थोरला म्हणाला, ‘‘दोघांना एकेक झेरॉक्स काढून द्या आणि मूळ पाने कुठेही लावा.’’

जुन्या शाईला पाणी लावण्याआधी ती फुटते का, हे ओळीओळीने तपासावे लागते. त्या काळच्या निळ्या-काळ्या शाईत लोहाचे क्षार असत. वर्षानुवर्षे ती तपकिरी होत जाते, आणि लिहिणाऱ्याचा हात जिथे जड पडला असेल तिथे कागदच खाऊन टाकते. मी भिंग घेऊन नोंदी मोठ्याने वाचत गेलो आणि ऑक्टोबर 1918च्या नोंदीपाशी थांबलो. एकाच आठवड्यात गेलेल्या दोन मुलांची नावे तिथे होती. दुसऱ्या नावाखाली ओढलेल्या रेघेच्या टोकाला, टाक बहुधा बराच वेळ टेकून राहिला असावा अशा ठिकाणी, तुरीच्या दाण्याएवढे भोक पडले होते आणि त्याच्या कडा जळाल्यासारख्या काळ्या होत्या. शेजारी त्याच अक्षरात फक्त ‘विलाप. 3:22’ असे लिहिले होते.

ते साल इन्फ्लुएंझाच्या साथीचे. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली, आणि नागपूर ज्याची राजधानी होते त्या मध्य प्रांताला तिचा तडाखा फार जबर बसला. मी ओळ वाचली तेव्हा आत्याबाई प्रथमच बोलल्या.

‘‘ते माझ्या आजीचं अक्षर आहे, बाबू. आजोबा तापानं पडले होते म्हणून तिनं लिहिलं. लहानपणी आम्ही पोरं त्या भोकाला बोट लावून विचारायचो, आजी, हे काय गं? ती कधी रागावली नाही. मांडीवर घ्यायची आणि सांगायची. लेकरं गेली त्या रात्री घरात दिवा लावायलासुद्धा कोणी उभं नव्हतं, तर शेजारचा बैलगाडीवाला आपण होऊन आला, त्याची आणि तिची तोवर ओळखसुद्धा नव्हती. त्यानंच लेकरांना मातीपर्यंत नेलं. सांगून झालं की म्हणायची, देवानं मला तेव्हा सोडलं नाही.’’

विलापगीतातले ते वचन उद्ध्वस्त यरुशलेमेत बसलेल्या माणसाचे आहे: आपण नाहीसे झालो नाही, ही परमेश्वराची दया. दोन लेकरांच्या नावांशेजारी ते लिहिणाऱ्या बाईने देवाचा विश्वासूपणा सुखाच्या हिशेबात मोजला नव्हता, हे मला त्या टेबलापाशी उभे असताना स्पष्ट दिसले. मी स्वतः ख्रिस्ती कुटुंबात वाढलो आहे, आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देवाच्या उपकारांची साक्ष देताना आपण बहुधा आजार बरा झाल्याचे, नोकरी लागल्याचे सांगतो. ती साक्षही खरीच असते, पण या पानावरची साक्ष अधिक वजनाची आहे असे मला वाटते.

तिसऱ्या पानावर ना जन्म ना मृत्यू, अशी एक नोंद होती: ‘30 जुलै 1991. मोवाड. 1 शमु. 7:12.’ त्या दिवशी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातले मोवाड गाव बुडवले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. या भावांचे वडील तिथे शिक्षक होते. थोरला म्हणाला, ‘‘मला फक्त पाण्याचा आवाज आठवतो.’’ आत्याबाईंनी त्याला सांगितले की वडिलांनी त्याला छपरावरच्या एका अनोळखी माणसाच्या हातात दिले आणि मग ते त्याच्या आईला आणायला पुन्हा पाण्यात उतरले. तेव्हा धाकटा तिच्या पोटात होता. धाकट्याला यातले काहीच माहीत नव्हते. वडिलांनी हे घरात कधी सांगितले नाही, कारण शेजारची कितीतरी माणसे गेली असताना आपण वाचल्याचे बोलणे त्यांना जड जात असे. त्यांनी केवळ वचनाचा आकडा लिहिला, ज्यात शमुवेल संदेष्टा मिस्पा आणि शेन या ठिकाणांच्या मध्ये धोंडा उभा करून म्हणतो की येथवर परमेश्वराने आपल्याला साहाय्य केले.

धोंड्यांवरून मला टाकळघाटची आठवण झाली आणि मी ती त्यांना सांगितली. नागपूरच्या आसपास, जुनापाणीला आणि टाकळघाटला, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शिलावर्तुळे, म्हणजे मृतांच्या दफनाभोवती गोल मांडलेले धोंडे, आहेत. 1845 साली नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटच्या अशाच वर्तुळांकडून परतताना पाण्यात बुडून वारले. ते धोंडे कोणीतरी प्रेमाने आणि कष्टाने मांडले होते, परंतु ती माणसे कोण आणि त्यांचे दुःख कोणते, हे सांगणारे आज कोणी नाही. बायबलातल्या यहोशवानेही यार्देन नदीतून बारा धोंडे उचलून आणवले. पण मुलांनी त्यांचा अर्थ विचारला तर काय सांगायचे, तेही त्याच वेळी लोकांना सांगून ठेवले. ही चार पाने झेरॉक्स होऊन दोन घरांत गेली तर तारखा राहतील. भोकाची गोष्ट आत्याबाईंबरोबर जाईल. हे मी त्यांना तसेच म्हणालो. गिऱ्हाइकाच्या घरगुती बाबतीत मी एरवी बोलत नाही.

थोरला बराच वेळ दारात उभा राहिला. शेताच्या पैशांवरून त्याचे म्हणणे बदलले नव्हते, तेही त्याने सर्वांसमोर पुन्हा सांगितले. मग म्हणाला, ‘‘एकातच बांधा.’’ ग्रंथ आत्याबाईंकडे राहावा आणि त्यांच्यानंतर दर नाताळाला आळीपाळीने एकेका भावाच्या घरी जावा, असे त्यांनी तिथेच ठरवले.

मी सर्व जुजांच्या घड्यांना जपानी टिश्यूच्या, म्हणजे पातळ पण चिवट कागदाच्या, पट्ट्या लावल्या आणि जुन्याच छिद्रांतून पुन्हा शिवण घातली. 1918चे भोक आत्याबाईंनी बुजवू दिले नाही. त्याच्यामागे अगदी कोरडसर खळीने पातळ टिश्यू लावला, म्हणजे कड फाटत जाणार नाही आणि बोटाला भोक लागेल. नोंदींची पाने भरत आली होती म्हणून त्यांनी आणखी कोरी पाने घालायला सांगितली. त्यासाठी मी जुन्या कागदाच्या जाडीचा हातकागद निवडला. ग्रंथ न्यायला आत्याबाई धाकट्याच्या मुलीला घेऊन आल्या. तिथेच तिला टेबलाशी बसवून त्यांनी बैलगाडीवाल्याची हकीकत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि मुलीने ती नव्या पानावर टिकाऊ शाईच्या पेनने शब्दशः उतरवून घेतली. मोवाडची हकीकत थोरल्यासमोर सांगायची म्हणून त्यांनी पुढचे पान मोकळे ठेवायला सांगितले.