घोटा, टाच आणि सी ४०: ऑन्कोलॉजी कोडिंगमधला माझा अनुभव

रेडिओलॉजी किंवा ईडी (इमर्जन्सी विभाग) करून आता ऑन्कोलॉजीकडे, म्हणजे कॅन्सरच्या चार्टकडे निघालेल्या कोडर मंडळींसाठी हे लिहितेय. मी बी.फार्म, मूळची कराडची, पुण्यात मेडिकल कोडिंग करते, म्हणजे पेशंटच्या नोंदी (चार्ट) वाचून आजाराला ठरलेला कोड देते, चार्ट सगळे अमेरिकेतले, म्हणजे तिथली आजारांच्या कोडची पद्धत आयसीडी-१०-सीएम, जी तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. रेडिओलॉजीतून ऑन्कोलॉजी टीमला टाकलं तेव्हा ब्रेस्ट, लंग, प्रोस्टेट यांची तयारी करून घेतली होती, ते चार्ट रोज येतात त्यामुळे हात लगेच बसतो. पाऊल आणि घोट्याच्या हाडांचे कॅन्सर मात्र क्वचित येतात आणि जेव्हा येतात तेव्हा सगळं एकदम अंगावर येतं, कुठलं हाड, कुठली बाजू, प्रायमरी की पसरलेला, बायोप्सी झालीय की अजून नुसता संशय आहे.

पहिला घोळ हाडाचाच. हातापायाच्या हाडांचा कॅन्सर सी ४० मधे जातो, त्यात पायाची लांब हाडं सी ४०.२ आणि पायाची छोटी हाडं सी ४०.३, शेवटचा आकडा बाजू सांगतो, १ म्हणजे उजवा, २ म्हणजे डावा, ० म्हणजे बाजू लिहिलेलीच नाही. ऐकायला सोपं आहे. पण आता खाली वाका आणि घोट्याला दोन्ही बाजूंनी बोटं लावून बघा, आतल्या बाजूचा जो उंचवटा लागतो तो टिबियाचा आणि बाहेरचा फिब्युलाचा, म्हणजे दोन्ही लांब हाडांची खालची टोकं. त्यांच्या मधे बेचक्यात बसलेलं टॅलस आणि त्याखालचं टाचेचं कॅल्केनियस ही छोटी हाडं. म्हणजे हाताला लागणारा घोटा सी ४०.२ मधे आणि त्याच्या आत दडलेलं टॅलस सी ४०.३ मधे! पुस्तकातल्या निओप्लाझम (म्हणजे गाठींच्या) टेबलमधे बोनखाली अँकल (घोटा) शोधलं तर ते तुम्हाला सी ४०.३ कडे पाठवतं, आणि डॉक्टरने वर इम्प्रेशनमधे (निष्कर्षात) फक्त अँकल लिहिलेलं असतं, पण तीन पानं खाली ऑपरेशन नोटमधे डिस्टल टिबिया (टिबियाचं खालचं टोक) असं स्वच्छ लिहिलेलं असतं. मग कोड सी ४०.२. त्यामुळे माझी सवय अशी झालीय की अँकल शब्द दिसला की मी कोड टाकतच नाही, हाडाचं नाव सापडेपर्यंत वाचत राहते. एका पावलात २६ हाडं असतात, ती सगळी आणि वरची टिबिया-फिब्युला मी चित्र समोर ठेवून दोन रंगांत रंगवली होती, लांब एका रंगात आणि छोटी दुसऱ्या. आमच्या मॅमनीच सांगितलं होतं तसं करायला आणि आजही नवीन कोणी टीममधे आलं की मी तेच करायला लावते.

ट्यूमर डिस्टल टिबियातून सरळ टॅलसमधे गेलाय आणि सुरुवात कुठून झाली ते कोणीच लिहिलेलं नाही, असंही येतं. लागून असलेल्या दोन साइटवर पसरलेला असेल तर ओव्हरलॅपिंगचा सी ४०.८ आहे, त्यालाही उजवं-डावं आहे. पण डॉक्टरने टिबियातून सुरू झाला असं लिहिलं असेल तर मग टिबियाच.

आता एक फाइल सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. शाळकरी मुलगा, सॉकर खेळणारा, डावी टाच दुखते म्हणून आलेला. या वयात टाच दुखण्याची साधी कारणं भरपूर असतात त्यामुळे सुरुवातीला विश्रांती, बर्फ, पेनकिलर. माझ्याकडे त्याचा पहिला एन्काउंटर (व्हिजिट) आला तो एमआरआयनंतरचा ऑर्थोचा ओपीडी नोट, त्यात कॅल्केनियसमधे लिटिक लिजन (हाड झिजल्याचा डाग), सस्पिशियस फॉर इविंग सार्कोमा, म्हणजे इविंग या हाडाच्या कॅन्सरचा संशय. इथे हात सी ४०.३२ कडे जायला लागतो कारण वाचताना आपल्यालाही दिसत असतं की हे काय आहे. पण ओपीडीत प्रोबेबल, सस्पेक्टेड, रूल आउट, कन्सिस्टंट विथ असा संशयाचा कुठलाही शब्द असला तरी तो आजार कोड करायचा नाही, जे पक्कं आहे तेच, म्हणजे टाचेचं दुखणं, एम ७९.६७२. लिजन म्हणजे निओप्लाझम नव्हे, पुस्तकाचा इंडेक्स तुम्हाला हाडाच्या डिसऑर्डरकडे नेतो. मास लिहिलं असेल तरी डी ४९ (प्रकार न ठरलेलं निओप्लाझम) द्यायचा नाही, डी ४९ खाली तसं छापलेलंच आहे. सरांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, "पॅथॉलॉजी आलीय का? नाही ना, मग लक्षणाचा कोड दे."

आणि मला हे मनापासून पटतं. हा कोड त्या मुलाच्या रेकॉर्डला चिकटतो, इन्शुरन्सकडे जातो, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दिसतो. उद्या बायोप्सीत इन्फेक्शन निघालं तर? पंधरा वर्षांच्या पोराच्या नावावर कॅन्सर लिहून आपण मोकळे होणार आणि निस्तरत बसणार त्याचे आईवडील. इनपेशंटला नियम वेगळा आहे, तिथे डिस्चार्जच्या वेळीही संशयच लिहिलेला असेल तर हॉस्पिटलच्या बाजूने तो झाला असं धरून कोड करतात, त्यामुळे चार्ट उघडल्यावर आधी तो ओपीडी आहे का आयपीडी हे बघायचं.

बायोप्सीचा चार्ट पॅथॉलॉजी येईपर्यंत होल्डवर ठेवला. प्रॉडक्शनचं टार्गेट डोक्यावर असताना होल्डचे चार्ट वाढलेले कोणाला आवडत नाहीत, पण तो होल्ड योग्यच होता. रिपोर्ट आला, इविंगच. पण सर्जनच्या फायनल नोटमधे बाजूच नाही, नुसतं कॅल्केनियस! पूर्वी अशा वेळी क्वेरी (डॉक्टरला लेखी प्रश्न) टाकायला लागायची, नाहीतर सी ४०.३० जायचा आणि तो हमखास परत यायचा. २०२२ च्या कोडिंग गाइडलाइनपासून बाजू डॉक्टरने लिहिली नसेल तर नर्स वगैरे इतर क्लिनिशियनच्या नोंदीवरून घेता येते, आणि त्याच दिवशीच्या नर्सिंग नोटमधे ड्रेसिंगच्या ओळीत डावी टाच लिहिलेलं होतं. सी ४०.३२. मागच्या व्हिजिटमधलं डावं उचलून चालत नाही बरं का, त्या त्या एन्काउंटरचं त्यातच सापडायला लागतं.

पुढे केमो. फक्त केमोसाठी आलेला असेल तर झेड ५१.११ आधी, मग सी ४०.३२. मधे एकदा ताप येऊन अ‍ॅडमिट, पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या, डॉक्टरने केमोमुळे असं नोंदवलेलं. तेव्हा डी ७०.१ पुढे आला, सोबत सी ४०.३२, औषधाच्या दुष्परिणामाचा टी ४५.१एक्स५ए आणि तापाचा आर ५०.८१. हिमोग्लोबिन कमी झालं तर अजून एक फाटा आहे, केमोमुळे झालेला अ‍ॅनिमिया डी ६४.८१ आणि कॅन्सरमुळे झालेला डी ६३.०, त्यांचा क्रमही वेगळा, केमोच्यात अ‍ॅनिमिया आधी, कॅन्सरच्यात कॅन्सर आधी. कशामुळे हे डॉक्टरने लिहायचं, आपण लॅब बघून ठरवायचं नाही.

मग गुडघ्याखालून पाय काढला. इथे टीममधे बराच वाद झाला कारण काहींचं म्हणणं होतं की हाडच राहिलं नाही तर आता हिस्टरी कोड (पूर्वी कॅन्सर होता असा) द्या. पण ऑपरेशननंतरही केमो चालू होती, त्याच कॅन्सरसाठी, त्यामुळे ट्रीटमेंट संपेपर्यंत सी ४०.३२ च राहतो. ट्रीटमेंट संपली, आजार कुठे दिसत नाही असं डॉक्टरने लिहिलं, तेव्हा कुठे फॉलोअपला झेड ०८, हिस्टरीचा झेड ८५.८३० आणि पाय नसल्याचा झेड ८९.५१२. तो चार्ट माझ्याकडेच आला होता. आमच्याकडे फ्लोअरवर फोन नाही, कागद-पेन नाही, पेशंटचं काहीही बाहेर नेता येत नाही, पण त्या नोटमधे कृत्रिम पायाच्या फिटिंगचं वाचलं तेव्हा खूप बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बाकीचे सापळे पटापट सांगते. सायनोव्हियल सार्कोमा घोट्याजवळ येतो आणि नावावरून सांध्याचा वाटतो, पण तो सॉफ्ट टिश्यूमधे, सी ४९.२. किडनी किंवा फुप्फुसातून पावलाच्या हाडात आलेला असेल तर सी ४०.३ नाहीच, सी ७९.५१, तिथे उजवं-डावंही नाही, आणि सोबत मूळ कॅन्सरचा कोड. जायंट सेल ट्यूमर नावाने भीतीदायक आहे पण मॅलिग्नंट असं लिहिलेलं नसेल तर हाडाचा डी ४८.०. ट्यूमरमुळे हाड मोडलं असेल तर साधा फ्रॅक्चर कोड द्यायचा नाही, एम ८४.५७ मधे जायचं, आणि तिथे घोटा आणि पाऊल यांचे आकडे पुन्हा वेगवेगळे आहेत.

क्वेरीबद्दल एक गोष्ट. डॉक्टरला "हा इविंग आहे ना?" असं विचारता येत नाही, ते लीडिंग होतं, म्हणजे उत्तर आपणच सुचवल्यासारखं. चार्टमधे जे लिहिलंय ते मांडायचं, पर्याय द्यायचे, त्यात इतर आणि सांगता येत नाही हेही ठेवायचं. मी सुरुवातीला मॅमकडून प्रत्येक क्वेरी वाचून घ्यायचे, त्या एकेक शब्द काढायला लावायच्या, आणि उत्तरं लवकर यायला लागली कारण प्रश्न छोटा आणि स्वच्छ असायचा.

आमच्याकडे ऑडिटला ९५ टक्के अचूकता लागते. त्यासाठी वेगळं काही केलं नाही, ऑपरेशन नोट आणि पॅथॉलॉजी आधी वाचायची, इम्प्रेशन शेवटी, एवढा क्रम बदलला. पुस्तक मात्र दर १ ऑक्टोबरला नवीन घ्या, जुन्यावर पेन्सिलने केलेल्या खुणा नवीनवर उतरवताना सी ४०-सी ४१ च्या मथळ्याखालच्या नोट्स परत वाचा, सायनोव्हियाची (सांध्याच्या अस्तराची) सूचना तिथेच आहे आणि बरेच जण ती न वाचताच पुढे जातात.