कार्नेगी गावातली एस्पी पोस्टची खोली

पिट्सबर्गला कुणाकडे गेलं की लोक आधी पेन हिल्सच्या बालाजीला नेतात, ते बघाच, पण एक शनिवार कार्नेगी या शेजारच्या छोट्या गावासाठीही ठेवा. तिथे अँड्र्यू कार्नेगीने दिलेल्या पैशातून १९०१ साली उघडलेली लायब्ररी आहे, सोबत म्युझिक हॉल, आणि वरच्या मजल्यावर कॅप्टन थॉमस एस्पी पोस्ट नंबर १५३ ची, म्हणजे जुन्या सैनिकांच्या संघटनेच्या इथल्या शाखेची खोली. मी खास तिच्यासाठीच गेलो होतो.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं आणि पुढच्याच वर्षी इलिनॉयमधल्या डिकेटरला बेंजामिन स्टीफन्सन नावाच्या लष्करातल्या डॉक्टरने उत्तरेकडच्या सैनिकांची संघटना काढली, ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक. गावोगावच्या शाखा म्हणजे पोस्ट. १८९० च्या सुमारास सभासद चार लाखांच्या वर होते, ग्रँटपासून मॅकिन्लीपर्यंत पाच राष्ट्राध्यक्षही त्यात आले. पण मला महत्त्वाचं वाटतं ते गावातलं काम, म्हणजे आजारी सोबत्याला मदत, कुणी गेला तर त्याला नीट निरोप, विधवेच्या पेन्शनच्या कागदांसाठी धडपड, कारण हातपाय गमावून आलेल्या माणसाला घरी कितीही जीव लावला तरी रात्री का दचकून उठतो हे तिथे बसलेल्यालाच कळणार ना.

खोलीत खुर्च्या, तसबिरी, काचेच्या कपाटांत युद्धातून आणलेल्या वस्तू. या वस्तूंची यादी सभासदांनी स्वतः १९११ साली केली होती आणि मी सगळ्यात जास्त वेळ त्या वस्तूंपाशीच रेंगाळलो, आपण गेल्यावर कुणाला कळावं म्हणून म्हाताऱ्या माणसांनी एकेक गोष्ट लिहून ठेवली हे बघून खरंच भरून आलं. १९३० च्या दशकात या पोस्टचे शेवटचे सभासद संपले, खोलीला कुलूप लागलं, ती कितीतरी दशकं तशीच पडून होती, मग दुरुस्ती करून २०१० ला लोकांसाठी उघडली.

सभासद व्हायला एकच मुख्य अट, त्या युद्धात उत्तरेकडून लढलेला आणि सन्मानाने सुटलेला सैनिक हवा. मुलांची संघटना वेगळी. म्हणजे शेवटच्या माणसाबरोबर ही संपणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तसंच झालं, अल्बर्ट वूलसन १९५६ ला गेले आणि संघटना बंद झाली. मला ही अट फार प्रामाणिक वाटते. नाव चालू ठेवायला भलतेच लोक भरले नाहीत.

काळ्या सैनिकांनाही दार उघडं होतं, निदान नियमात. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी त्यांच्या पोस्ट वेगळ्याच असायच्या आणि दक्षिणेतल्या गोऱ्या सभासदांना तर काळ्यांची वेगळी प्रांतिक शाखाच हवी होती, पण १८९१ च्या राष्ट्रीय अधिवेशनाने ती मागणी फेटाळली. त्या काळात हे छोटं नव्हतं.

आणि मे महिन्यातला मेमोरियल डेचा लाँग वीकेंड, ज्यात आपली मंडळी नायगारा गाठतात, तोही यांच्याचमुळे. १८६८ ला यांचे प्रमुख जॉन लोगन यांनी ३० मेला सोबत्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायचा आदेश काढला होता.

वेळ उरला तर पिट्सबर्गच्या ओकलंड भागातला सोल्जर्स अँड सेलर्स हॉलही बघा, १९१० चा, स्टेजच्या वर लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण मोठ्या अक्षरांत आहे. भव्य आहे, पण दोन्हीतलं एकच जमणार असेल तर मी कार्नेगीच सांगेन.