वाहाका येथील रुफिनो तामायो संग्रहालय

मेक्सिकोतील वाहाका शहरात येणारे प्रवासी मोंते आल्बान या प्राचीन नगरीचे अवशेष आणि सांतो दोमिंगो मठातील मोठे संग्रहालय आवर्जून पाहतात. मोरेलोस मार्गावरील जुन्या वाड्यातले कोलंबसपूर्व कलेचे छोटे संग्रहालय मात्र अनेकांकडून राहून जाते. आम्ही ते मुद्दाम शेवटी ठेवले होते आणि हाच क्रम इतरांनाही सुचवावासा वाटतो.

वाहाकातच १८९९ साली जन्मलेले चित्रकार रुफिनो तामायो यांनी जमवलेल्या प्राचीन वस्तू आपल्या जन्मप्रांताला देऊन टाकल्या आणि १९७४ साली हे संग्रहालय उघडले. मांडणीवर चित्रकाराचाच हात फिरलेला आहे. चौकाभोवतीच्या पाच दालनांना गुलाबी, निळा, जांभळा असे वेगवेगळे रंग दिलेले असून, कोनाड्यांतील वस्तू पुरातत्त्वीय पुरावे म्हणून नव्हे, तर कलाकृती म्हणून ठेवल्या आहेत. पश्चिम मेक्सिकोतील कोलिमा भागातले लालसर, तुळतुळीत, गुबगुबीत मातीचे कुत्रे मृतांसोबत थडग्यांत पुरलेले होते, हे ठाऊक असूनही त्यांच्याकडे पाहताना हसू आवरत नाही. बेराक्रुसच्या आखाती किनाऱ्यावरच्या, दात दाखवत खळखळून हसणाऱ्या मृण्मूर्तींपुढे तर आम्ही बराच वेळ रेंगाळलो. उरलेल्या दगडी शिल्पांकडे, खरे सांगायचे तर, तितकेसे लक्ष राहिले नाही.

या मांडणीची दुसरी बाजूही सांगायला हवी. खासगी संग्रहातून आलेल्या वस्तू नेमक्या कोठे आणि कशासोबत सापडल्या, याची माहिती बहुधा हरवलेली असते; शिवाय येथील माहितीफलक त्रोटक आणि मुख्यतः स्पॅनिशमध्ये आहेत. त्यामुळे मोबाइलवर भाषांतराची सोय करून ठेवावी आणि हे संग्रहालय पाहण्याआधी सांतो दोमिंगोत जाऊन, पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांना १९३२ मध्ये मोंते आल्बानच्या सातव्या थडग्यात सापडलेला सुवर्णसाठा पाहावा, म्हणजे उत्खननातून मिळणारा संदर्भ किती मोलाचा असतो ते कळते.

मुख्य चौकापासून हे संग्रहालय पायी काही मिनिटांवर आहे आणि त्यासाठी दीड तास पुरतो; दुपारी ते काही वेळ बंद असू शकते, म्हणून सकाळीच जावे. त्याची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी, तर सांतो दोमिंगोची सोमवारी असते. रविवारी मेक्सिकन नागरिकांना सरकारी स्थळांवर मोफत प्रवेश असल्याने तेथे गर्दी उसळते; तेव्हा शनिवारी मोंते आल्बान व सांतो दोमिंगो आणि सोमवारी तामायो, अशी आखणी सोयीची ठरते.