चेर्माक रोडवरचा चेर्माक

शिकागोत आठ वर्षं काढली, रेड लाइनवर ‘सर्मॅक-चायनाटाउन’ हे स्टेशन शेकडो वेळा ऐकलं, पण हा सर्मॅक कोण, हे आज कळलं. खरं आडनाव चेर्माक! आपला ‘च’ अमेरिकेने खाऊन टाकला.

आज त्याचं थडगं पाहायला बोहेमियन नॅशनल सिमेटरीत गेले होते. चेक लोकांनी १८७७ मध्ये उभारलेली दफनभूमी. एका बाईने चर्चमध्ये पापांची कबुली (कन्फेशन) दिली नव्हती म्हणून कॅथलिक पाद्र्यांनी तिला जागा नाकारली, त्या रागातून. राग असावा तर असा.

अँटन चेर्माक १८७३ मध्ये आजच्या चेक देशातल्या क्लाड्नोत जन्मला. वर्षाचा असताना आईबाप अमेरिकेत आले. बाप खाणीत, मग पोरगाही खाणीत. पुढे घोडागाडीवरून जळाऊ लाकूड विकलं आणि १९३१ मध्ये थेट शिकागोचा महापौर! विरोधक त्याला हातगाडीवाला म्हणून हिणवायचे. ‘मेफ्लॉवर’वरून (इंग्लंडहून पहिल्यावहिल्या वसाहतकऱ्यांना आणणारं जहाज) आलो नाही, पण जमेल तितक्या लवकर आलो, असं त्याचं उत्तर सांगतात.

१९३३ मध्ये मायामीत नवनिर्वाचित अध्यक्ष रुझवेल्टच्या सभेत गोळी लागली आणि तीन आठवड्यांत गेला. जावई ऑटो कर्नर पुढे इलिनॉयचा गव्हर्नर झाला आणि नंतर लाचखोरीत तुरुंगातही गेला. घराणं म्हटलं की हे आलंच.

थडग्याच्या दगडावर हात ठेवला, तर बर्फासारखा गार. परतताना गाडीत घोषणा झाली, ‘सर्मॅक’. मी आपली पुटपुटले, “चेर्माक हो, चेर्माक.” शेजारच्या आजींनी चमकून पाहिलं.